तिहेरी कुलूप: आयर्लंडच्या तटस्थतेवर अभ्यासगटात तीन तासांचा सराव कसा घ्यायचा

नागपुरातल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासगटांत ‘तटस्थ देशाचं संरक्षण धोरण’ हा विषय निघाला की चर्चा स्वित्झर्लंडपासून सुरू होते, दहा मिनिटांत नेहरूंवर येते आणि तिथेच रुतते. तटस्थता हा भाषणातला शब्द समजून वाचल्यामुळे असं होतं. प्रत्यक्षात तो फाइलीतला शब्द आहे. सही कुणाची, ठरावात क्रियापद कोणतं, सैनिक किती, बदली किती महिन्यांनी, आणि गाडी बंद पडली तर पैसे कुणाचे कापले जातात, या पाच प्रश्नांत तो सापडतो. हा सराव त्या पाच प्रश्नांभोवती बांधला आहे.

उदाहरण आयर्लंडचं घ्या. कायदा आखूड आहे, कागद इंग्रजीत फुकट मिळतात, आणि १९५८ मध्ये लेबनॉनला निरीक्षक पाठवल्यापासून या देशाचं कुणी ना कुणी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या निळ्या टोपीत कुठे ना कुठे असतंच. शिवाय तैनातीचा निर्णय तिथे तीन टप्प्यांत होतो, म्हणून सरावाला तो आयताच बसतो. संयुक्त राष्ट्रांची संमती, सरकारचा निर्णय आणि ‘डॉल’ या कनिष्ठ सभागृहाचा ठराव, या तिन्हींना मिळून तिकडे तिहेरी कुलूप म्हणतात.

माणसं, वेळ, कागद

पंधरा जण आणि एक संचालक लागतो. पाच जण सुरक्षा परिषदेचे स्थायी सदस्य. प्रत्येकाकडे नकाराधिकाराची एक लाल चिठ्ठी. दोघांकडे मिळून दहा अस्थायी सदस्यांची मतं, प्रत्येकी पाच. ती फोडून टाकायची मुभा द्या. दोघे सरकार: एक संरक्षणमंत्री, एक महान्यायवादी. तिघे डॉल: सत्ताधारी, विरोधी, अपक्ष. एक सैन्य नियोजक. एक हिशेबनीस. पंधराव्याला ‘यजमान देश’ करा. ही भूमिका बहुतेक जण विसरतात, आणि ती नसली की सराव खोटा पडतो, कारण शांतिसेना यजमानाच्या संमतीवर उभी असते.

छापायचे कागद वीस पानांच्या आत बसतात. आयर्लंडच्या १९३७ च्या राज्यघटनेतली तीन कलमं (१५.६, २८.३ आणि २९.४.९) एका पानावर. १९६० चा संरक्षण (दुरुस्ती) कायदा, त्यावरच्या १९९३ आणि २००६ च्या दुरुस्त्या. लेबनॉनमधल्या शांतिसेनेबद्दलचे सुरक्षा परिषदेचे १९७८ चे ठराव ४२५ आणि ४२६, आणि २००६ चा ठराव १७०१. नुसता १९६० चा कायदा छापून काम भागवू नका. त्यात ‘पोलिसी स्वरूपाची कामं’ असे शब्द आहेत. सोमालियातल्या मोहिमेत भाग घ्यायचा म्हणून १९९३ मध्ये ते काढले गेले. जुना मसुदा हातात धरून बसलेला गट तासभर चुकीच्या वाक्यावर भांडतो.

झेरॉक्स एकाच बाजूने काढा, समास रुंद ठेवा; पुढे क्रियापदांवर रंग मारायचा आहे. मे महिन्यात सराव सकाळी सातला लावा. दुपारी कूलरच्या घरघरीत कुणी ठराव मोठ्याने वाचला तरी पाचव्या खुर्चीपर्यंत पोचत नाही. तर्री पोह्यांची सुट्टी हिशेबाच्या फेरीनंतर द्या. आधी दिली तर आकड्यांच्या कागदावर तर्री सांडते आणि ७ चा १ होतो.

पहिला अर्धा तास: दोन शब्द वेगळे करा

फळ्यावर ‘तटस्थता’ आणि ‘अलिप्तता’ असे दोन रकाने आखा आणि प्रत्येकाला एकेक वाक्य लिहायला लावा. घोळ इथेच दिसतो.

तटस्थता हा युद्धकाळातला कायदेशीर दर्जा आहे. १९०७ च्या हेग करारांनी तटस्थाची कर्तव्यं लिहून ठेवली आहेत. लढणाऱ्या पक्षाला आपल्या भूमीवरून सैन्य किंवा दारूगोळा नेऊ द्यायचा नाही, हे त्यातलं ठळक. अलिप्तता हे परराष्ट्र धोरण. कोणत्याही गटाच्या दावणीला बांधून न घेता प्रत्येक प्रश्नावर आपलं मत आपण ठरवायचं. अलिप्त भारताने १९६५ आणि १९७१ ची युद्धं लढली, १९७१ मध्ये सोव्हिएत संघाशी मैत्री करारही केला. अलिप्ततेला त्याने बाध आला का यावर वाद घालता येतो, पण भारत तटस्थ होता असं कुणी म्हणू शकत नाही.

आता त्याच फळ्यावर तटस्थांचे प्रकार मांडा, पाच मिनिटांत. स्वित्झर्लंडची तटस्थता १८१५ मध्ये युरोपच्या सत्तांनी मान्य केली. हा देश संयुक्त राष्ट्रांत आला थेट २००२ मध्ये. ऑस्ट्रियाने २६ ऑक्टोबर १९५५ ला तटस्थतेचा घटनात्मक कायदाच केला. फिनलंड २०२३ मध्ये आणि स्वीडन २०२४ मध्ये नाटोत गेले, म्हणून जुन्या नोट्समधून त्यांची नावं खोडा. अजूनही कित्येक गाइडांत ती ‘तटस्थ देश’ या मथळ्याखाली छापलेली असतात.

आणि आयर्लंड? त्याच्या राज्यघटनेत ‘तटस्थ’ हा शब्द शोधायला सांगा. सापडणार नाही. कलम २८.३ म्हणतं, डॉलच्या संमतीशिवाय युद्ध पुकारायचं नाही आणि युद्धात भाग घ्यायचा नाही. कलम २९.४.९ म्हणतं, युरोपीय संघाच्या सामायिक संरक्षणात आयर्लंडला ओढणारा निर्णय स्वीकारायचा नाही. हे दुसरं कलम कुठून आलं ते विचारा: युरोपीय संघाच्या नीस कराराला २००१ च्या सार्वमतात मतदारांनी नकार दिला, मग २००२ मध्ये दुसऱ्या सार्वमताआधी सरकारने सेव्हिल इथे तटस्थतेबद्दल जाहीरनामा केला आणि घटनेत ही तरतूद घातली. तिहेरी कुलूप हे राजकीय वचन झालं ते त्या जाहीरनाम्यात. कायद्यात त्याचे खिळे १९६० पासूनच होते. हाच देश १९९९ मध्ये नाटोच्या ‘शांततेसाठी भागीदारी’त गेला आणि २०१७ मध्ये युरोपीय संघाच्या संरक्षण सहकार्यात. शॅनन विमानतळावर अमेरिकी सैन्याची विमानं उतरतात, त्यावर तिथे वर्षानुवर्षं निदर्शनं होतात. हा तपशील मुद्दाम इथेच ठेवा, म्हणजे गट ‘शुद्ध तटस्थता’ शोधत बसणार नाही.

पहिलं कुलूप: क्रियापदावर रंग मारा

पाऊण तास इथे द्या. सगळ्यांत जास्त हाती लागतं ते याच फेरीत.

ठराव वाटा आणि प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीचं क्रियापद लाल रंगाने रंगवायला सांगा. प्रस्तावनेतली क्रियापदं (‘स्मरून’, ‘चिंता व्यक्त करून’) सोडा; आकडा टाकलेले परिच्छेद तेवढे धरा. मग २००६ च्या आयरिश कायद्यातली यादी फळ्यावर लिहा: ठरावाने स्थापन केलेलं, आदेश दिलेलं, अधिकृत केलेलं, अनुमोदन दिलेलं, पाठिंबा दिलेलं, मान्यता दिलेलं किंवा अन्य प्रकारे संमत केलेलं दल. ठरावातलं क्रियापद या यादीत बसतं का, एवढाच प्रश्न.

ठराव ४२५ मध्ये परिषद आपल्या अधिकाराखाली दक्षिण लेबनॉनसाठी दल ‘स्थापन’ करण्याचा निर्णय घेते. बसलं. कोसोव्होवरचा १९९९ चा ठराव १२४४ सदस्य देशांना दल उभारायला ‘अधिकृत’ करतो. दल नाटोच्या नेतृत्वाखालचं असलं तरी कुलूप उघडतं. तटस्थ देशाचे सैनिक नाटोच्या मोहिमेत कसे, या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर या एका क्रियापदात आहे.

आता अवघड कागद द्या. मॅसेडोनियात संयुक्त राष्ट्रांचं प्रतिबंधक दल होतं. फेब्रुवारी १९९९ मध्ये मुदतवाढीचा ठराव चीनने नकाराधिकाराने पाडला. महिनाभर आधीच मॅसेडोनियाने तैवानला मान्यता दिली होती. दल गुंडाळलं गेलं. २००३ मध्ये युरोपीय संघाने तिथेच छोटी मोहीम काढली, यजमान देशाच्या निमंत्रणावरून. आयर्लंड जाऊ शकला नाही, कारण संयुक्त राष्ट्रांची पुरेशी संमती कागदावर नव्हती. त्या वेळच्या आयरिश कायद्यात ‘स्थापन केलेलं’ हा एकच अरुंद शब्द होता. सात प्रकारांची यादी तीन वर्षांनी आली. गटाला हा प्रसंग दोनदा खेळायला लावा, एकदा जुन्या शब्दाने आणि एकदा नव्या यादीने. दुसऱ्या वेळी कुणीतरी म्हणणारच, ‘ठरावात स्वागत केलंय ना, म्हणजे पाठिंबाच झाला!’ निकाल संचालकाने देऊ नये. महान्यायवादीने दोन ओळी लेखी द्याव्यात, सहीसकट. सही करायची वेळ आली की ‘स्वागत’ आणि ‘पाठिंबा’ यांतलं अंतर आपोआप वाढतं.

मतदानाचा नियम पक्का करून घ्या: पंधरापैकी किमान नऊ मतं आणि पाच स्थायींपैकी एकाचाही विरोध नाही. गैरहजेरी किंवा तटस्थ मत म्हणजे नकाराधिकार नव्हे. इथे दर वेळी चूक होते. लाल चिठ्ठी टेबलावर ठेवल्याशिवाय ठराव पडत नाही असा साधा नियम करा.

आणखी एक दार आहे आणि ते बहुतेकांना माहीत नसतं. आयरिश कायदा सुरक्षा परिषदेबरोबर आमसभेचंही नाव घेतो. परिषद अडली तर १९५० च्या ‘शांततेसाठी एकजूट’ ठरावाखाली प्रश्न आमसभेत नेता येतो. सुएझ प्रकरणात ब्रिटन-फ्रान्सने नकाराधिकार वापरल्यावर १९५६ चं पहिलं आपत्कालीन दल असंच उभं राहिलं, आणि त्यात भारतीय तुकडी होती. तेव्हा ‘एका देशाच्या नकाराने आयर्लंडचे हात बांधले जातात’ हे विधान बरोबर असलं तरी पूर्ण नाही. आमसभेत दोन तृतीयांश मतं गोळा करणं सोपं नसतं, हेही त्याच चिठ्ठीवर लिहा.

रंग मारून झाल्यावर ठराव १७०१ चा १२ वा परिच्छेद मोठ्याने वाचा, तुकडे पाडून. दलाला ‘सर्व आवश्यक कृती’ करायला अधिकृत केलं आहे. ‘जिथे त्याच्या तुकड्या तैनात आहेत तिथे’. ‘आणि त्याला आपल्या क्षमतेत आहे असं वाटेल तेवढी’. पहिला तुकडा ऐकून गट खूश होतो, तिसरा ऐकून गप्प. क्षमता कुणी ठरवायची? दलाने स्वतः. सैन्य नियोजकाला विचारा: रस्त्यावरून संशयास्पद ट्रक चाललाय, लेबनॉनचं सैन्य जवळ नाही, गावकऱ्यांनी वाट अडवली आहे, काय कराल? ‘सर्व आवश्यक’ म्हणून गोळीबार सुचवणाऱ्याला स्वसंरक्षण आणि आदेशपत्राचं (मोहिमेला ठरावाने नेमून दिलेल्या कामाचं) रक्षण यांपलीकडे बळ वापरायचं नाही हे तत्त्व दाखवा. ‘काहीच करता येत नाही’ म्हणणाऱ्याला तोच १२ वा परिच्छेद दाखवा. शांतिसैनिकाचा दिवस बहुतेक वेळा या दोन उत्तरांच्या मधे जातो: थांबणं, नोंद करणं, लेबनॉनच्या सैन्याला बोलावणं, वाटाघाट करणं.

दुसरं आणि तिसरं कुलूप

हे पटकन उरकतं, पण तीन ठिकाणी पाय घसरतो.

एक: बाराचा आकडा. बारापेक्षा जास्त सशस्त्र सैनिक जाणार असतील तरच डॉलचा ठराव लागतो. हुशार मंडळी लगेच बारा-बाराच्या दोन तुकड्या सुचवतात. चालत नाही, मोजणी त्या दलात असलेल्या एकूण सैनिकांची होते. एप्रिल २०२३ मध्ये सुदानमधून नागरिक काढायला आयर्लंडने पथक पाठवलं तेव्हा मंजुरी ‘जास्तीत जास्त बारा’ सैनिकांची होती. हा आकडा आला कुठून हे आता गटाने सांगायचं.

दोन: प्रत्येक बदलीला नवा ठराव लागत नाही. एकदा दलात भाग घ्यायला मान्यता मिळाली की जुन्या तुकडीच्या जागी येणाऱ्या तुकडीला पुन्हा डॉलसमोर जावं लागत नाही. नाहीतर दर सहा महिन्यांनी मतदान झालं असतं.

तीन: वरच्या सभागृहाचं मत यात नाही. डॉलमध्ये २०२४ च्या निवडणुकीपासून १७४ सदस्य आहेत, साधं बहुमत पुरतं.

तिघांच्या डॉलला विधानभवनाच्या हिवाळी अधिवेशनासारखा गोंधळ घालायची हौस येते. घालू द्या, पण पाच मिनिटांत आणि तीन प्रश्नांवरच: आदेशपत्र काय, धोका किती, परत कधी? तुलनेसाठी भारताची बाजू एका वाक्यात सांगा. आपल्याकडे शांतिसेनेत तुकडी पाठवायला संसदेचा ठराव लागत नाही, निर्णय सरकारचा. ‘लोकसभेत मतदान झालं’ असं उत्तरपत्रिकेत लिहिणारे दर वर्षी भेटतात.

आकड्यांची फेरी

आता नियोजक आणि हिशेबनीस पुढे या. बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे.

लेबनॉनमधली आयरिश तुकडी साधारण ३४० जणांची धरा, मुक्काम सहा महिने. एक तुकडी बाहेर असते तेव्हा दुसरी तयारीत असते आणि तिसरी परतून रजेवर, अभ्यासक्रमांवर किंवा आपल्या पलटणीत. म्हणून नियोजनाचा ढोबळ गुणक तीन. ३४० गुणिले ३ म्हणजे १,०२०. गोलन टेकड्यांवरच्या मोहिमेत २०१३ पासून आयर्लंडचे सुमारे १३० जण होते, त्यांचे ३९०. दोन्ही मिळून १,४१०.

हा आकडा कशातून काढायचा? आयर्लंडच्या तिन्ही दलांचं मंजूर संख्याबळ सुमारे ९,५०० आणि प्रत्यक्षात साधारण ७,५००. त्यातून नौदल, हवाई दल, नवे रंगरूट, प्रशिक्षक, वैद्यकीय कारणाने न जाऊ शकणारे वजा करा. गट स्वतःच या निष्कर्षाला येतो की दोन मोहिमा आणि तिसरं वचन एकाच वेळी झेपणार नाही. तसंच झालं: २०२४ मध्ये आयर्लंडने गोलनमधून सैनिक परत बोलावले, कारण त्याच सुमारास युरोपीय संघाच्या युद्धगटासाठी (तातडीने पाठवायच्या राखीव पथकासाठी) माणसं राखून ठेवायची होती. तीनही कुलपं उघडी होती, माणसं नव्हती. संरक्षण दलांसाठीच्या आयोगाने २०२२ मध्ये हेच मांडलं, आणि त्याच वर्षी सरकारने संख्याबळ ११,५०० वर आणि वार्षिक खर्च २०२८ पर्यंत दीड अब्ज युरोवर न्यायचं ठरवलं.

गुणक सगळ्यांना सारखा लावू नका. रायफलधारी सैनिक मिळतो. डॉक्टर, बॉम्ब निकामी करणारा, संदेशवहनवाला आणि मेकॅनिक मिळत नाही. नियोजकाला ‘दहा-एक-दोन’ची अट घाला: जखमीला दहा मिनिटांत रक्तस्राव थांबवणारी मदत, एका तासात प्रगत उपचार, दोन तासांत शस्त्रक्रिया. नकाशावर चौकीपासून रुग्णालयापर्यंत हेलिकॉप्टरची आणि रस्त्याची वेळ लिहायला लावा. सुंदर जागी मांडलेल्या चौक्या या एका अटीवर मागे सरकतात.

राखीव पुरवठा का ठेवायचा हे सांगायला काँगोचं उदाहरण द्या. सप्टेंबर १९६१ मध्ये जाडोव्हिल इथे सुमारे १५५ आयरिश सैनिकांची कंपनी वेढली गेली. १३ ते १७ तारखेपर्यंत ती लढली. मग दारूगोळा आणि पाणी संपलं आणि शरणागती पत्करावी लागली. सुटकेला निघालेल्या फौजेला लुफिरा नदीच्या पुलावरच रोखलं गेलं, आणि दुसऱ्या प्रयत्नात भारतीय गोरखा सैनिकही होते. मुख्य तळापासून दूर, एकच रस्ता, त्या रस्त्यावर एकच पूल. नियोजकाच्या नकाशात अशी चौकी दिसली की हिशेबनिसाने हात वर करावा.

आता पैसे. संयुक्त राष्ट्र सैनिकाला पगार देत नाहीत. ते सैनिकाच्या सरकारला परतफेड करतात. जुलै २०२२ मध्ये लागू झालेला दर दरडोई दरमहा १,४४८ डॉलर धरा. ३४० गुणिले १,४४८ म्हणजे महिन्याला ४,९२,३२० डॉलर, सहा महिन्यांच्या फेरीचे २९,५३,९२०. युरोपीय पगार आणि भत्ते यापेक्षा कितीतरी जास्त असतात, त्यामुळे शांतिसेनेत जाऊन आयर्लंड ‘कमावतो’ हे उत्तर चूक. आणि परतफेड वेळेवर येतेच असं नाही. सदस्य देशांची वर्गणी थकली की तुकडी पाठवणाऱ्याचे पैसे लटकतात.

सामानाचा हिशेब निराळा. चिलखती गाड्या, जनित्रं, पाणी शुद्ध करणारी यंत्रं यांची यादी करारात असते. दुरुस्ती आणि सुटे भाग देशानेच सांभाळायचे असतील तर भाडं जास्त, संयुक्त राष्ट्रांनी सांभाळायचे असतील तर कमी. तपासनीस मोहिमेत येऊन गाड्या चालू आहेत का ते बघतात. उंबरठा ९० टक्क्यांचा. करारात २० चिलखती गाड्या असतील आणि १८ चालू असतील तर पूर्ण भाडं. १७ झाल्या की कपात. हिशेबनिसाने फासा टाकावा: १, २ किंवा ३ पडले तर तेवढ्या गाड्या सुट्या भागाअभावी उभ्या. तीन पडले की गट पहिल्यांदा विचारतो, भाग येणार कुठून? आयर्लंडकडे अवजड सामान लांबवर नेणारी स्वतःची मोठी मालवाहू विमानं नाहीत. भाड्याचं जहाज, बंदर, जकात, मग डोंगरातला रस्ता.

युरोपीय संघाच्या किंवा नाटोच्या मोहिमेत ही परतफेड नाही. बहुतांश खर्च ज्याचा त्याने सोसायचा. म्हणून ‘संयुक्त राष्ट्रांच्या आदेशाने’ आणि ‘संयुक्त राष्ट्रांच्या दलात’ या दोन शब्दप्रयोगांखाली हिशेबनिसाला वेगवेगळे आकडे लिहायला लावा. कोसोव्हो पहिल्यात, लेबनॉन दोन्हींत.

आता पोहे.

प्रसंगांच्या चिठ्ठ्या

अर्ध्या तासात तीन चिठ्ठ्या पुरतात.

पहिली: ऑक्टोबर २०२४, दक्षिण लेबनॉन. निळ्या रेषेजवळच्या (लेबनॉन आणि इस्रायल यांच्यामधली संयुक्त राष्ट्रांनी आखलेली रेषा) आयरिश चौकीशेजारी इस्रायली रणगाडे येऊन थांबले आहेत. चौकी सोडा असं सांगितलं जातंय. निर्णय कुणाचा? गट संरक्षणमंत्र्याकडे बघतो. चुकीची दिशा. तैनातीच्या काळात कामकाजाची सूत्रं संयुक्त राष्ट्रांच्या दलप्रमुखाकडे असतात. डब्लिन तुकडी मायदेशी बोलावू शकतं, पण अमुक चौकीवर राहा किंवा हला हे तिथून ठरत नाही. प्रत्यक्षात सैनिक चौकीवरच थांबले. याच मोहिमेत १९९८ पासून भारतीय पलटणही आहे, तेव्हा हीच चिठ्ठी भारताच्या नावाने पुन्हा खेळता येते.

दुसरी: यजमान देश संमती काढून घेतो. पंधरावा खेळाडू इतका वेळ गप्प बसलेला असतो, त्याला आता बोलू द्या. तीनही कुलपं उघडी असली तरी मोहिमेचा पायाच निघतो.

तिसरी: मुदत संपते. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव २७९० ने लेबनॉनमधल्या दलाला शेवटची मुदतवाढ दिली, ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत. त्यानंतर वर्षभरात माघार. नियोजकाने माघारीचा उलटा आराखडा करायचा: आधी काय निघेल, शेवटी काय? नवखे आधी चिलखती गाड्या बांधतात. शेवटच्या दिवसापर्यंत संरक्षण, रुग्णालय आणि संदेशवहन उभं राहायला हवं. जेवणघर आणि जादा कंटेनर आधी.

वादाची फेरी, घेतली तर

मार्च २०२५ मध्ये आयर्लंडच्या मंत्रिमंडळाने पहिलं कुलूप काढण्याच्या विधेयकाचा आराखडा मंजूर केला. त्यात बाराचा आकडा पन्नासवर नेण्याचाही प्रस्ताव आहे. सरकारची बाजू: सुरक्षा परिषदेने २०१४ नंतर नवी शांतिसेना मोहीम मंजूर केलेली नाही, आपला निर्णय पाच देशांच्या मर्जीवर का? विरोधकांची बाजू: नीस आणि लिस्बनच्या सार्वमतांआधी हे कुलूप दाखवून मतं मागितली होती, आणि घटनेत तटस्थता लिहिलेली नसल्यामुळे कायद्यातला हाच तिचा मुख्य आधार.

दोन्ही बाजूंना एकच बंधन घाला: ‘सार्वभौमत्व’ आणि ‘परंपरा’ हे शब्द वापरायचे नाहीत. वापरला की एक मिनिट गप्प. मग बोलणारा क्रियापदावर, आकड्यावर किंवा कलमावर येतो. आमचं मत विचाराल तर सरकारचा युक्तिवाद मॅसेडोनियावर मजबूत आहे आणि लेबनॉन-कोसोव्होवर कच्चा. तिथे कुलूप उघडलंच होतं. आणि गोलनचा धडा दोघेही टाळतात, कारण तिथे माणसं कमी पडली होती आणि त्यावर कायदा बदलून उपाय होत नाही.

गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र कामठीत आहे, शहरात निवृत्त जवानही बरेच. शांतिसेनेत जाऊन आलेलं कुणी ओळखीत निघालं तर या फेरीला बोलवा, पण धोरणावर मत विचारू नका. पाणी किती दिवसांचं साठवत, गाडीचा भाग यायला किती दिवस लागत, आणि गावकऱ्यांशी बोलायला दुभाषी कुठून मिळे, एवढं विचारा. नियोजकाने तोवर आपला कागद खिशात घालू नये. उत्तरं ऐकत त्यात दुरुस्त्या कराव्यात.

पुढच्या गटासाठी चिठ्ठ्या जपून ठेवताना शाईचं पेन कलमांना आणि ठरावांच्या क्रमांकांना वापरा. ‘१२’ आणि पहिलं कुलूप मात्र पेन्सिलने लिहा, आणि सरावाच्या आठवड्यात विधेयक डॉलमध्ये कुठवर आलंय ते बघून मगच वाटा.